हँडल आठ सेंटिमीटर पुढे

घडीच्या सायकलवर बसलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. चाकं वीस इंची, सीटचा दांडा लांबच लांब, हँडल जवळजवळ छातीशी आलेलं आणि वर माणूस ताठ. कोपरं दुमडलेली, सगळा भार सीटवर. घरापासून स्टेशनपर्यंत जायला हे बसणं उत्तम. मान वळवून मागचं दिसतं, गर्दीत पाय चटकन टेकतो, ऑफिसच्या कपड्यांत अवघडल्यासारखं होत नाही. माझा सायकलप्रवास तेवढाच होता तोवर मला त्यात काहीच खटकलं नाही.

मग संध्याकाळची सवय लागली. सकाळी चेंबूरहून हार्बर लोकलच्या मालडब्यात सायकल घालून बेलापूर गाठायचं, दिवसभर खुर्चीत बसून काम करायचं आणि सुटल्यावर पाम बीच मार्गाने सायकल चालवत वाशीला यायचं. तिथे घडी घालायची आणि लोकल पकडून खाडीपलीकडे घरी. दिवसातला हा माझा सगळ्यात आवडता वेळ. करावे गाव मागे पडलं की डाव्या हाताला खारफुटी सुरू होते. हंगाम असेल तर सीवूड्सच्या तळ्यांवर रोहित पक्षी उतरलेले असतात आणि आभाळ खाडीच्या बाजूने उतरत जातं. ट्रॅफिक सुसाट असतं, त्यामुळे आरशात एक डोळा ठेवावाच लागतो. पण रस्ता सपाट आणि सरळ आहे. आणि या रस्त्यावर वारा आहे.

बेलापूरकडून वाशीकडे येताना पाम बीच मार्ग साधारण वायव्येला जातो. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून सुटणारा खारा वाराही, विशेषतः उन्हाळ्यात, त्याच बाजूने येतो. म्हणजे घरी निघालेली सायकल आणि वारा रोज समोरासमोर. हिशेब मांडला की हे किती महागात पडतं ते कळतं. आपण ताशी २० किलोमीटरने चाललोय आणि समोरून ताशी १५ चा वारा आहे, तर हवेला आपण ३५ ने धडकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३५ चा वर्ग १२२५, २० चा ४००. वारा पडलेला असताना जेवढा विरोध असतो त्याच्या तिप्पट, त्याच रस्त्यावर आणि त्याच पायांनी सोसायचा. हा विरोध मुख्यतः आपल्या अंगाला होतो. सायकल हवेला अडवते ती त्या मानाने थोडी. खरी आडवी येते ती आपली छाती, खांदे, पोट. वारा बदलता येत नाही आणि पायातली ताकद एका आठवड्यात वाढत नाही. आपल्या हातात राहतं ते एवढंच, की आपण हवेसमोर किती उभे राहायचं.

बसण्याने केवढा फरक पडतो हे मला आकड्यांत पहिल्यांदा उमगलं ते ख्रिस बोर्डमन या ब्रिटिश सायकलपटूच्या दोन विक्रमांमुळे. एका तासात जास्तीत जास्त किती अंतर कापता येतं, याचा हा विक्रम असतो. १९९६ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅकवर बोर्डमनने ५६.३७५ किलोमीटर कापले. हात पुढे लांब ताणलेले, धड आडवं, ‘सुपरमॅन’ म्हणतात ती बैठक. त्याआधी स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने १९९३ मध्ये स्वतः बनवलेल्या सायकलवर हात छातीखाली दुमडून ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला होता आणि पुढच्याच वर्षी ती बैठक यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने बंद करून टाकली होती. सुपरमॅनचंही तेच झालं. मग ठरलं की बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये हा विक्रम करताना वापरली तशी सायकल आणि तसंच बसणं हवं. बोर्डमन २००० साली पुन्हा त्याच मँचेस्टरला उतरला आणि त्याला ४९.४४१ किलोमीटर जमले. मर्क्सहून अवघे १० मीटर जास्त. मधली चार वर्षं, चाकं, सायकल या सगळ्यांचा त्या फरकात वाटा आहेच. पण जवळजवळ सात किलोमीटर! तोच माणूस, तोच ट्रॅक. हे वाचल्यावर माझ्या छातीशी टेकलेल्या हँडलकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

लोक लगेच म्हणतात, लहान चाकाची सायकल ती, तिला कशाला शर्यतीची बैठक. यावर माझं ठाम मत आहे, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. अॅलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरने १९६२ मध्ये लहान चाकांची सायकल बाजारात आणली. ती घडीची नव्हती, पण दोन्ही चाकांना सस्पेन्शन होतं आणि टायरमध्ये हवेचा दाब भरपूर ठेवलेला. त्याच वर्षी जॉन वुडबर्नने ती घेऊन कार्डिफ ते लंडन हे सुमारे २६० किलोमीटरचं अंतर पावणेसात तासांच्या आत कापलं आणि विक्रम मोडला. १९८६ मध्ये जिम ग्लोव्हरने मोल्टनलाच हवा कापणारं आच्छादन लावून, नेहमीसारखंच बसून, ताशी ८२ किलोमीटरचा वेग गाठला. चाक लहान असणं ही अडचण नाही. घडीची सायकल हळू वाटते त्यात मोठा दोष तिच्यावर आपल्याला ज्या तऱ्हेने बसवलं जातं त्याचा आहे.

तसं का बसवतात, तेही समजण्यासारखं आहे. ही सायकल एकाच मापात येते. पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा माणूस, दोघांनाही तीच. सीट वर-खाली करता येते, हँडलची उंची काही सायकलींत बदलता येते, पण सीट ते हँडल हे आडवं अंतर कारखान्यात ठरतं ते ठरतं. साध्या सायकलीत हँडल ज्याला पकडलेलं असतं तो स्टेम पुढे आलेला असतो. कमी-जास्त लांबीचा घालून अंतर जुळवता येतं. घडीच्या सायकलीत मात्र बहुधा हँडलची पकड थेट उभ्या नळीच्या डोक्यावरच बसवलेली असते, कारण पुढे काही आलं की ते घडीत अडतं. ब्रॉम्प्टन या घडीच्या ब्रिटिश सायकलचं जुनं हँडल असंच उंच होतं. पुढे कंपनीनेच सरळ, खालच्या हँडलचं मॉडेल काढलं. ब्रॉम्प्टनची जागतिक स्पर्धा २००६ मध्ये बार्सिलोनात सुरू झाली. तिथे स्पर्धक कोट आणि टाय घालून धावत येतात, आधी सायकल उलगडतात आणि मग हँडलवर ओणवे होऊन पळवतात. म्हणजे ही भूक मला एकटीलाच नाही.

माझा पहिला बदल हँडलचा नव्हता, सीटचा होता. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली तर गुडघा सरळ व्हायला हवा. मग पंजाने चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. घडीच्या सायकलवरचे निम्मे लोक याहून बरीच खाली सीट ठेवून चालवतात, दोन्ही पाय टेकावेत म्हणून. सीटचा दांडा उभा नसतो, मागे कललेला असतो, साधारण ७२ अंशांत. त्यामुळे सीट १० सेंटिमीटर वर घेतली की ती ३ सेंटिमीटर मागेही सरकते. एक पैसा न घालता हँडलपासूनचं अंतर वाढलेलं असतं. सीट तिच्याखालच्या रुळावर आणखी मागे ढकलून अजून अंतर मिळवावं असा मोह होतो, तो मात्र आवरायचा. सीटची जागा पायांच्या हिशेबाने ठरते. पायडल आडवं असताना पुढचा गुडघा साधारण त्याच्या आसावर आला की सीट जागेवर आहे. हात पुरत नाहीत किंवा अवघडतात, तो प्रश्न हँडलकडे सोडवायचा.

हँडलची उभी नळी माझ्या सायकलीत दुहेरी आहे, आतली बाहेरच्यात सरकते. ती मी थोडी थोडी करत खाली घेतली. थोडी म्हणजे खरोखर थोडी, बोटाच्या एका पेराएवढी, आणि मग काही दिवस तशीच चालवायची. हँडल सीटच्या पातळीला आलं तिथे मी थांबले. त्याखाली गेलं तर माझी मान धरते आणि पाम बीचसारख्या रस्त्यावर मान वर ठेवून लांबचं बघता आलंच पाहिजे.

खरा बदल झाला तो आठ सेंटिमीटरच्या एका तुकड्याने. हा एक छोटा अॅल्युमिनियमचा जोड असतो. एका टोकाला हँडलच्याच जाडीचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा गोल भाग. तो नळीच्या डोक्यावरच्या जुन्या पकडीत बसतो. दुसऱ्या टोकाला नवी पकड, तिच्यात हँडल. झालं. दिसायला काहीच नाही. पण तो बसवून मी चेंबूरच्या आमच्या गल्लीतून पहिली फेरी मारली तेव्हा सायकलच दुसरी वाटली. कोपरं मोकळी झाली. श्वास घ्यायला छातीला जागा मिळाली. आणि पायडल मारताना मांडीच्या मागचे, नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागल्याचं स्पष्ट जाणवलं, जे ताठ बसल्यावर जवळजवळ झोपलेलेच असतात.

हँडल पुढे गेलं की वायरी अपुऱ्या पडतात. ते काम मी स्वतः न करता आमच्या स्टेशनजवळच्या सायकलवाल्या काकांकडे नेलं, कारण ब्रेकची वायर ही माझ्यापेक्षा त्यांच्या हाताला जास्त कळते. काकांनी आधी हँडल धरून चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं, मग जोडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताई, पाठ धरेल बरं का.”

“हळूहळू सवय करत्येय, काका.”

“मग ठीक. घडी घालून दाखवा एकदा.”

त्यांनी घडीचं विचारलं याचं मला फार बरं वाटलं. रस्त्यावर चालवण्यापुरत्या वायरी कुणीही कापून देईल. घडी घालताना वायरींना मोठं वळण घ्यावं लागतं, तेव्हा त्या ताणल्या जातायत का हे बघूनच लांबी ठरवायला हवी. काकांनी नवं आउटर, म्हणजे वायरीवरचं बाहेरचं आवरण, मापून कापलं. कापताना त्याचं तोंड चेपतं आणि आतली प्लास्टिकची नळी बंद होते. तशीच वायर घातली तर ब्रेक जड चालतो. काकांकडे जुन्या आऱ्याचा एक तुकडा आहे, टोक घासून अणकुचीदार केलेला. तो त्यांनी आउटरच्या तोंडात घालून गोल फिरवला, उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघितलं, कड कानशीने सपाट केली आणि मगच टोपी चढवली. चारही टोकांना हेच. शेवटी वायरीला बोटाने ग्रीस लावून ती आत सरकवली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही.

घडीचा प्रश्न तरीही उरतोच. माझ्या सायकलीत हँडलची नळी बिजागरीतून बाहेरच्या बाजूला खाली पडते. जोड पुढे आल्यामुळे हँडल चाकाला आणि जमिनीला लागायला लागलं. उपाय निघाला तो दुहेरी नळीतूनच. नळी आवळणारा खटका सैल केला की आतली नळी गोल फिरते. ती अर्धा वळसा फिरवली की आठ सेंटिमीटर पुढे असलेलं हँडल तेवढंच मागे येतं. मग घडी बिनबोभाट बसते, आधीपेक्षा दोन-तीन बोटं जाड एवढंच. म्हणूनच वायरी काकांनी ऐसपैस ठेवल्या.

मालडब्यात हे फार महत्त्वाचं आहे. तिथे मासळीच्या पाट्या, भाजीच्या गोणी, कुणाचा टीव्हीचा खोका, आणि त्यांना टेकून उभी दमलेली माणसं. तिथे माझ्या सायकलचा एक कोपराही कुणाच्या पोटरीला लागता कामा नये. रेसिंग सायकलचं वळलेलं हँडल बसवावं, असं मलाही मनातून वाटत होतंच. ते मी सोडून दिलं याचं पहिलं कारण हा डबा. ते वाकडं हँडल घडीत कुठल्याच बाजूने नीट मावत नाही. दुसरं कारण ब्रेकचं. सरळ हँडलची मूठ २२.२ मिलिमीटरची असते, वळलेल्या हँडलची २३.८, त्यामुळे जुने लिव्हर त्यावर चढतच नाहीत. आणि रेसिंगचे नेहमीचे लिव्हर आपल्या व्ही-ब्रेकला (दोन उभ्या भुजांनी चाकाची रिम दाबणाऱ्या) पुरेशी वायर ओढत नाहीत. लिव्हर मुठीला टेकतो तरी चाक पुरतं थांबत नाही. त्यासाठी खास लिव्हर किंवा आखूड भुजांचे व्ही-ब्रेक घ्यावे लागतात. भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर ब्रेकच्या बाबतीत जुळवाजुळव मला मान्य नाही.

त्याऐवजी मी सरळ, थोडं अरुंद हँडल ठेवलं आणि त्यावर दोन छोटी शिंगं बसवली, पण टोकांना न लावता आतल्या बाजूला, ब्रेकच्या अलीकडे. वारा जोरात असला की हात तिथे जातात, खांदे आपोआप जवळ येतात आणि अंग आणखी लहान होतं. सिग्नल जवळ आला की हात पुन्हा ब्रेकवर. तळहाताच्या बाहेरच्या कडेवर सतत भार राहिला तर तिथली नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात. धरायला दोन जागा असल्या की तेही टळतं.

आता बिजागरीबद्दल, कारण हा बदल करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. घडीच्या सायकलची हँडलची नळी लांब असते आणि तिच्या बुडाशी बिजागरी असते. हँडल पुढे नेलं आणि अंगाचा भार त्यावर टाकला, की तो सगळा जोर, शिवाय उभं राहून पायडल मारताना पडणारा पीळ, त्या बिजागरीवर आणि तिच्या वेल्डिंगवर येतो. अॅल्युमिनियमची गोष्ट अशी की छोटे छोटे ताणही त्यात साठत जातात. पोलादाला जशी एक मर्यादा असते, जिच्याखाली तो वर्षानुवर्षं टिकतो, तशी अॅल्युमिनियमला नाही. म्हणून मी आठ सेंटिमीटरवर थांबले आणि चढावर हँडल ओढत उभं राहणं बंद केलं. आठवड्यातून एकदा पुढचा ब्रेक घट्ट धरून सायकल मागेपुढे ढकलून बघते. बिजागरीत जराही हालचाल जाणवली तर खटक्याचा स्क्रू आवळायचा, ‘कट’ असा आवाज आला तर चालवायचं नाही. वेल्डिंगवर फडकं फिरवून उजेडात बघायचं, केसाएवढी रेघसुद्धा दिसते का. जोडाचे बोल्ट किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने, त्यावर छापलेल्या आकड्याएवढेच आवळायचे. कमी आवळले तर हँडल खड्ड्यात फिरतं, जास्त आवळले तर आटे जातात.

खड्ड्यांचंही सांगायला हवं. पुढे वाकल्यावर पुढच्या चाकावर भार वाढतो आणि वीस इंची चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल उतरतं. पावसाळ्यानंतर मी शिंगं धरून चालवतच नाही. खड्डा दिसला की वजन पायडलवर घ्यायचं, कोपरं सैल, बूड मागे. एक गोष्ट मात्र वाकल्यामुळे नक्की सुधारली. ताठ बसल्यावर प्रत्येक हादरा सीटमधून सरळ मणक्यात जायचा. आता तो पाय, सीट आणि हात यांत वाटला जातो आणि संध्याकाळी कंबर दुखायची ती दुखत नाही.

कसं वाकायचं, हे मला सूर्यनमस्काराने शिकवलं. हस्तपादासनात जाताना पाठ गोल न करता खुब्यातून वाकायला सांगतात, पोट मांडीकडे न्यायचं, खांदे कानापासून दूर. सायकलवरही तंतोतंत तेच. हँडल पुढे गेलं म्हणून पाठीचं कुबड करून पोचलं, तर मान, खांदे, मनगटं सगळंच दुखतं आणि दोष हँडलला दिला जातो. कटिभाग पुढे कलला, पोटाचे स्नायू किंचित धरले, की हातांवर भार फार कमी येतो. मी मधूनच मुठीवरची बोटं सैल सोडून बघते. धड जागेवर राहिलं तर बसणं बरोबर आहे, पुढे कोसळायला लागलं तर पोट झोपलंय. चाळिशीनंतर हे जमायला वेळ लागतो. रोज सकाळी नमस्कार घालणाऱ्याला कमी लागतो.

सारसोळे ओलांडलं की रस्ता अगदी उघडा होतो आणि वाऱ्याचा जोर तिथे सर्वांत जास्त. पूर्वी इथे मी गिअर उतरवून मान खाली घालून मोराज सर्कलची वाट बघायचे. आता तिथे हात शिंगांवर जातात, हनुवटी खाली येते, वारा कानांच्या वरून जातो आणि पाय त्याच लयीत फिरत राहतात.

यातून नवं काम निघालंय. वारा पडलेला असेल त्या दिवशी वरचा गिअर संपतो. माझं पुढचं चेनव्हील ५२ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात लहान १४ चं, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेसहा मीटरच्या आसपास जाते. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर ताशी साडेसत्तावीस किलोमीटर; त्यापुढे पाय नुसते गरगरतात. मागे ११ दात्यांचं घ्यायचं तर मागच्या चाकाचा मधला भाग, म्हणजे हबच बदलावा लागेल, त्यापेक्षा पुढे ५६ दात्यांचं बसवणं स्वस्त. त्याने एका फेरीत सव्वासहा मीटरच्या जवळपास जाता येईल. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतील, त्या काकांनी काढून ठेवल्यात. मोठं चेनव्हील घडीत जमिनीला घासतं का, ते बसवायच्या आधी पुठ्ठ्याची चकती कापून बघू म्हणालेत.